वाचता येणार नाही अशा रीतीने

३ फेब्रुवारी, सोमवार

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडायला घेतलं असशील तर जरा थांब. कुणी गेलेलं नाही, मी आजारी नाही आणि तुझ्याकडे काही मागतही नाहीये. मला एक गोष्ट सांगायची आहे. ती ऐकून जिला कळेल अशी बाई जगात एकच आहे आणि तिच्याशी मी सहा वर्षं बोलत नाहीये. आता याला मी काय करू?

जुन्या कोर्टाची इमारत रिकामी झाली, हे तुला माहीत असणारच. सगळं बाडबिस्तर नव्या इमारतीत गेलं. तळमजल्यावरचा तो लांबलचक व्हरांडा, जिथे पक्षकार बाकांवर बसून पेंगायचे, तो चार महिने एका चित्रकाराला द्यायचा असं वरच्यांनी ठरवलं. विषय, कला आणि कायदा. एकोणचाळीस अर्ज आले. मिळाला कुणाला? तुझ्या धांदरट बहिणीला. प्रबंधक बाईंनी अर्ज वाचून विचारलं, सरकारी भिंत रंगवल्याबद्दल शिक्षा झालेल्या त्या तुम्हीच का? मी म्हटलं, मीच ती. त्यांनी चष्मा काढला, पदराला पुसला, परत घातला आणि सही केली. मला ती बाई त्याच क्षणी आवडली.

काय करायचं ते मात्र सुचत नव्हतं. न्यायदेवता, तराजू, डोळ्यांवर पट्टी, असलं काही मी मेले तरी काढणार नाही. मग एक दिवस जुन्या रेकॉर्ड रूममध्ये शिरले. तिथे शॉर्टहँडच्या एकसष्ट वह्या सुतळीने बांधून ठेवलेल्या. पाच वर्षं उलटली की त्यांचा लगदा करायचा असा नियम आहे म्हणे. मी वरची वही सहज उघडली आणि अगं, काय सांगू, मी तिथेच जमिनीवर बसले. काय त्या रेघा, किती हलक्या, किती वेगात गेलेल्या. मी पंचवीस वर्षं हात चालवतेय, माझी एक रेघ अशी उतरलेली नाही.

आणि त्या सगळ्या रेघा उलट्या बाजूला कललेल्या होत्या. त्या कोर्टात डाव्या हाताने लिहिणारं माणूस एकच होतं.

वह्या मला मिळाल्या. रीतसर अर्ज केला, रीतसर मंजूर झाला. अट एकच घातलीय, ती जशीच्या तशी उतरवते. ‘सदर वह्यांतील मजकूर वाचता येणार नाही अशा रीतीने त्यांचा वापर करावा.’ मी हसत हसत सही ठोकली. शॉर्टहँड हल्ली वाचतंय कोण? मलाच एक अक्षर कळत नाही.

आता रोज सकाळी सहाला जाते. प्रोजेक्टरने तुझं पान भिंतीवर टाकायचं, पेन्सिलने गिरवायचं, मग काळा रंग आणि चपटा ब्रश. वहीत नखाएवढी असलेली तुझी खूण भिंतीवर माझ्या हाताएवढी होते. शिडीवर चढून मी तुझं अक्षर गिरवतेय, ताई. लहानपणी तू माझा हात धरून पाटीवर गिरवायला लावायचीस आणि मी पळून जायचे.

रागावलेली आहे अजून, गैरसमज नको. पण आनंद झाला म्हणून लिहिलं.

भिंगरी


१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ताई,

भाचीचा फोन आला होता. तुझी लेक अगदी तुझ्यावर गेलीय, मोजून बोलते. म्हणाली, आईने पत्र फाडलं नाही, शिवणाच्या मशीनच्या खणात ठेवलंय. एवढंच सांगून ठेवून दिला. माझा जीव मात्र भांड्यात पडला.

व्हरांड्याच्या अकरा भिंती झाल्या. इमारतीचा जुना पहारेकरी रोज येऊन बघतो. काल म्हणाला, बाई, हे पक्ष्यांचे पाय आहेत का? मी म्हटलं, हो, डावखुऱ्या पक्ष्याचे. तो गंभीरपणे मान हलवून गेला.

गुडघे बोलायला लागलेत, नखांतला काळा रंग जात नाही, पण मी इतकी खुशीत कधी होते तेच आठवत नाही. शाळेतली नोकरी गेल्यापासून तर नाहीच. म्हणजे बघ, ते आलंच शेवटी पत्रात. येऊ नये म्हणून तीनदा खोडलं होतं.

आलंच आहे तर एकदा सरळ लिहूनच टाकते. सहा वर्षांपूर्वी मी त्या सरकारी कचेरीच्या भिंतीवर माणसं काढली. न विचारता काढली, हे कबूल. पकडलं, रात्रभर आत ठेवलं आणि शुक्रवारी कोर्टासमोर उभं केलं. साहेबांनी विचारलं, काही सांगायचंय का? मी सांगितलं. चांगली चार-पाच मिनिटं बोलले. त्या दिवशी नेहमीचा लघुलेखक रजेवर होता आणि त्याच्या जागी तू बसली होतीस. आपली आडनावं वेगळी, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. तू एकदाही मान वर केली नाहीस. आणि नंतर टाइप होऊन जो कागद माझ्या हातात आला त्यात काय होतं? ‘आरोपीने चित्र काढल्याचे कबूल केले. आणखी काही सांगायचे नाही असे आरोपीने सांगितले.’ खाली माझी सही. घाबरलेली होते, न वाचता केली. त्या कागदावर शाळेने मला काढलं.

तुझ्या स्वयंपाकघरात येऊन मी भांडले तेव्हा तू म्हणालीस, ‘साहेब सांगतात ते मी टाइप करते.’ ओट्यावरचं फडकं घडी करून ठेवलंस आणि संपलं. मी त्या दिवशी निघाले ती निघालेच.

असो. व्हरांड्याच्या टोकाची मोठी भिंत तेवढी राहिलीय. आठ फूट उंच, चौदा फूट लांब. तिच्यासाठी एक पान निवडलंय. का निवडलं ते विचारू नकोस. दिसायला सुंदर आहे, बस. मधेच पेन अडखळलंय, एका ठिकाणी टोक कागदात घुसलंय, पुन्हा रेघ धावायला लागलीय. बाकी कुठल्याच पानावर असं नाही.

सोमवारी चोवीस तारखेला सकाळी अकराला उद्घाटन आहे. आमंत्रण देत नाही. कळवतेय फक्त.

भिंगरी


२४ फेब्रुवारी, सोमवार

ताई,

घोळ झाला. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून होणारच नाही असा घोळ झालाय. घाईत लिहितेय, अक्षर समजून घे.

सकाळी व्हरांडा माणसांनी भरला. वकील, कारकून, चित्रकार मंडळी, आणि आमच्या बाजारपेठेतले दोन-तीन जण उगाचच. प्रबंधक बाई नवी साडी नेसून आलेल्या. सगळे भिंतींसमोर उभे राहून ‘वा’ म्हणत होते. एका समीक्षकाने तर रेघांमधली शांतता यावर दहा मिनिटं घेतली. मी हवेत.

तेवढ्यात तिसऱ्या भिंतीसमोरून हसण्याचा आवाज आला. बघते तर एक म्हातारे गृहस्थ, बगलेत छत्री, पोट धरून हसताहेत. मी विचारलं, काका, काय झालं? ते म्हणाले, ‘अहो, सायकलचोर म्हणतोय की सायकल त्याच्या मागे मागे आली.’

काका भिंत वाचत होते, ताई. छत्रीचं टोक रेघेवर ठेवून, वर्तमानपत्र वाचावं तसे. छत्तीस वर्षं वरच्या कोर्टात लघुलेखक होते म्हणे. भोवती गर्दी जमली. काकांनी पुढची भिंत घेतली. त्यात सासू-सुनेचा दावा, कोंबडीवरून. लोक हसून हसून बेजार. मग काकांनी माझ्याकडे वळून मला झापलं. म्हणाले, ही रेघ शोभेसाठी जाड केलीत ना तुम्ही? जाड रेघेचा ब होतो, बारीक रेघेचा प. साक्षीदार पाणी मागतोय, तुम्ही त्याला बाणी मागायला लावलंत. मला रडावं की हसावं कळेना, म्हणून मी हसले.

प्रबंधक बाई हसत नव्हत्या. ‘वाचता येणार नाही अशा रीतीने’ ही अट त्यांनीच घातली होती, स्वतःच्या सहीने. त्यांनी गर्दी बाहेर काढली आणि दाराला कुलूप लावलं. दुपारी कागद आला. दहा मार्चला मुख्य न्यायाधीश बाईंसमोर सुनावणी आहे. भिंतींवरचा मजकूर वाचता येतो की नाही, एवढाच प्रश्न. येत असेल तर अट मोडली आणि सगळं पुसायचं. तोपर्यंत ‘जैसे थे’.

तेव्हा आता मागते. मागणार नाही म्हटलं होतं, ते परत घेते.

वह्यांच्या पुठ्ठ्यावर तुझी सही आहे. ते तुला विचारणारच. काका स्वतः म्हणाले की त्यांना प्रत्येक भिंतीवरचं निम्मंच लागलं, बाकीच्या खुणा तुझ्या स्वतःच्या आहेत. प्रत्येक लघुलेखक आपापल्या खुणा करतो आणि त्या त्याच्या त्यालाच कळतात. मग तू येऊन एवढंच म्हण, ‘या वह्या माझ्याशिवाय कुणाला पूर्ण वाचता येणार नाहीत.’ यात खोटं काय आहे? बाई मान हलवतील, माझ्या भिंती वाचतील. सहा वर्षांत मी धड एक चित्र विकलेलं नाही की लावलेलं नाही, ताई. हा व्हरांडा गेला तर मी पुन्हा नाही उभी राहायची. तू एक वाक्य बोल. एकदा माझ्यासाठी मान वर कर.

मोठी भिंत काकांनी वाचली नाही. त्यांचे डोळे दमले होते आणि तोवर कुलूप लागलं.

भिंगरी


१ मार्च, शनिवार

ताई,

येऊ नकोस.

मागचं पत्र जाळून टाक. समन्स आलं तर घेऊ नकोस, भाचीला सांग की आई गावाला गेलीय. ताप काढ, पाय मुरगळ, काहीही कर, पण दहा तारखेला येऊ नकोस.

आधी माझी कबुली ऐक. मोठ्या भिंतीवरचं पान सुंदर आहे म्हणून निवडलं असं मी लिहिलं होतं. थाप होती. पुठ्ठ्यांवर तारखा असतात. मी पहिल्याच दिवशी एकसष्ट वह्या जमिनीवर मांडून त्या शुक्रवारची वही शोधून काढली होती. त्या पानावर ‘आणखी काही सांगायचे नाही’ असंच असणार ही माझी खात्री होती. तुझ्या हातचं ते खोटं आठ फूट उंच करून कोर्टाच्याच भिंतीवर लावायचं आणि मला सोडून कुणालाच ते कळू द्यायचं नाही, असा माझा बेत होता. सूड घेत होते मी, शिडीवर चढून.

काल प्रबंधक बाईंनी मला आत जाऊ दिलं, रंगाचे डबे आणायला. छत्रीवाले काका बाहेरच घुटमळत होते, ते मागून आले. त्यांना राहवत नव्हतं, तेवढी भिंत राहिली होती ना. आत आम्ही दोघंच. काका वाचायला लागले. वाचता वाचता त्यांचा आवाज हळू झाला. मग त्यांनी छत्री खाली ठेवली.

ते सगळं तिथे आहे. मी बोललेलं सगळं. काकांना ज्या खुणा लागत नव्हत्या, तिथले शब्द ऐकता ऐकता मलाच आठवत गेले. ‘मी भिंत खराब केली नाही, साहेब. तिथे माणसं तासन्‌तास रांगेत उभी असतात, पाठ आणि डोकी भिंतीला टेकून. त्यांचे डाग आधीपासून तिथे पडलेले होते. मी फक्त त्या डागांच्या कडेने रेघ ओढली. तुम्ही जाऊन बघा, प्रत्येक डाग कुणाच्यातरी उंचीचा आहे. खालचे डाग पोरांचे आहेत.’ मी हे बोलले होते हे मीच विसरत चालले होते. मला वाटायला लागलं होतं की खरंच काही सांगितलं नव्हतं. आणि तू सगळं टिपलंस. मी ‘म्हणजे, म्हणजे’ असं दोनदा अडखळले तेसुद्धा तू दोनदा लिहिलंस. पेन अडखळलं म्हणून मी नाचत होते, ती मीच अडखळले होते.

मी व्हरांड्यात मोठ्याने रडले. काका बिचारे घाबरून पाणी शोधायला गेले.

रडून झालं आणि मग डोक्यात प्रकाश पडला. ही भिंत कुणी वाचली तर तू अडकशील. वहीत एक आणि टाइप केलेल्या कागदावर दुसरं, त्यात आरोपी सख्खी बहीण, आणि तू ते कुणाला सांगितलं नाहीस. तुला निवृत्त होऊन वर्ष व्हायचंय. चौकशी लावतील, पेन्शन अडकवतील. मी लगेच पांढऱ्या रंगाचा डबा उघडला, रोलर भिजवला. तर दारातून प्रबंधक बाई ओरडल्या की ‘जैसे थे’ म्हणजे जैसे थे, एक ठिपका जरी पडला तर कोर्टाचा अवमान होईल. माझंच चित्र मला पुसता येत नाही, कायद्याने. इतर वेळी मी यावर अख्खं प्रदर्शन केलं असतं.

काकांनी शब्द दिलाय की ते बोलणार नाहीत, आणि तुझ्या खुणा पूर्ण लावणारं दुसरं कुणी नाही. तू आली नाहीस तर प्रश्न मिटला. भिंती जातील, जाऊ देत. मी सांगेन की वाचता येतं, माझी चूक, पुसून टाकते. तू घरी राहा. माझं हे एवढं ऐक, आयुष्यात एकदा.

भिंगरी


१० मार्च, सोमवार

ताई,

कधी ऐकलंयस तू माझं?

आत्ता तासाभरापूर्वी आपण एकाच छताखाली होतो आणि मी तुला पत्र लिहितेय. पण तू बाजूच्या दाराने निघून गेलीस, चप्पल तरी नीट घातलीस का कुणास ठाऊक, आणि मला हे आत्ता लिहिलं नाही तर माझं डोकं फुटेल. तू तिथेच होतीस, तरी मी सांगणार. तुझी तर अर्धा वेळ पाठ होती, तुला काय दिसलं असणार?

तू दारातून आलीस तेव्हा मी मान खाली घातली. राखाडी साडी, केस पार पांढरे झालेत तुझे, मला कुणी सांगितलंच नव्हतं. न्यायाधीश बाईंनी विचारलं, वह्या तुमच्या? तू हो म्हणालीस. मजकूर वाचता येतो? मी मनात म्हणतेय, नाही म्हण, आठवत नाही म्हण, चष्मा विसरले म्हण. तू म्हणालीस, ‘येतो. मी वाचून दाखवते.’

काका माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि त्यांचीच बोटं थंडगार होती.

मग बाई म्हणाल्या की जागेवरच जाऊन बघू. अगं, ती वरात बघायला हवी होतीस तू, म्हणजे तू तर पुढेच होतीस. सबंध कोर्ट रस्ता ओलांडून जुन्या इमारतीत. पुढे शिपाई, मग न्यायाधीश बाई, मग तू, मग प्रबंधक बाई फायली छातीशी धरून, आणि शेवटी ती नवी लघुलेखिका, हातावर लॅपटॉप उघडा ठेवून, ताट घेऊन निघाल्यासारखी. व्हरांड्यात बाईंना स्टूल दिलं. मला वाटलं, तू सायकलचोराचं वाचशील आणि थांबशील. तू सगळ्या भिंती सोडून सरळ टोकाला गेलीस. काकांकडे हात केलास. काकांनी मुकाट्याने छत्री दिली.

तू ताठ उभी राहून सगळं वाचलंस. एकही शब्द न गाळता. तुझा आवाज मी इतका मोठा कधी ऐकला नव्हता. ‘म्हणजे, म्हणजे’ सुद्धा दोनदा वाचलंस. खालचे डाग पोरांचे आहेत, इथे बाईंनी स्टुलावरून मान वळवून तुझ्याकडे बघितलं. मागे कुणीतरी नाक ओढलं, बहुतेक पहारेकरी.

वाचून संपल्यावर तू म्हणालीस की टाइप केलेल्या कागदावर हे नाही. बाईंनी विचारलं, का नाही?

‘साहेबांनी दोन वाक्यं सांगितली, मी दोन वाक्यं टाइप केली. बत्तीस वर्षं तेच काम केलं. पण वहीत मी ऐकलेलं लिहायचे. वही कुणी बघत नाही.’

मग बाईंनी तो प्रश्न विचारला, ज्यासाठी मी तुला येऊ नको म्हटलं होतं. आरोपी तुमची बहीण आहे हे का सांगितलं नाहीत? तू छत्री खाली टेकवलीस.

‘त्या दिवशी शुक्रवार होता, बाई. सांगितलं असतं तर दुसरा लघुलेखक येईपर्यंत प्रकरण सोमवारवर गेलं असतं. तिला आणखी तीन दिवस आत बसावं लागलं असतं. ही लहानपणी कोठीच्या खोलीत अडकली होती तेव्हापासून बंद दाराला घाबरते. न्हाणीघराची कडीसुद्धा लावत नाही.’

सहा वर्षं, ताई. सहा वर्षं हे तू मला सांगितलं नाहीस. मी ओट्याशी उभी राहून तुला काय काय बोलले, आणि तू फडक्याची घडी घालत होतीस. तुझा मला इतका राग आलाय आत्ता की येऊन तुला गदगदा हलवावंसं वाटतंय आणि सोडूच नये असंही वाटतंय.

आणि तू वळलीस म्हणून तुझं जे हुकलं ते आता सांगते. ती नवी लघुलेखिका, पंचविशीची असेल, तिची बोटं इतका वेळ धडाधड चालली होती. ती थांबली आणि घाबरत घाबरत म्हणाली, ‘बाई, भिंतीवरचं सगळंच घ्यायचं का, की सारांश?’

बाई म्हणाल्या, ‘शब्दन्‌शब्द घ्या.’

आलं ना लक्षात? मी जे बोलले होते ते कोर्टाच्या दप्तरात गेलं. तुझ्या शपथेवर, शिक्क्यासकट. मी इथे टेबलाखाली पाय आपटतेय, खालच्या मजल्यावरच्यांनी काठीने छत ठोकलं.

निकाल तुझ्या कानावर येईलच. मजकूर वाचता येतो हे सिद्ध झालं, अट मोडली गेली, भिंती पंधरा दिवसांत पांढऱ्या कराव्यात. प्रबंधक बाईंनी निकाल घेताना माझ्याकडे बघितलं आणि डोळे पुसले. मी त्यांना म्हटलं, रोलर माझ्याकडे तयार आहे.

तुझ्याबद्दल वेगळा कागद वर जाणार आहे. न्यायाधीश बाईंनी आवाज खाली करून सांगितलं, पण सांगितलं.

भिंगरी


२० मार्च, गुरुवार

ताई,

भिंती पांढऱ्या झाल्या. तीन दिवस लागले. पहारेकऱ्याने मदत केली आणि काका खुर्चीवर बसून कुठे काळं दिसतंय ते छत्रीने दाखवत होते. वाईट वाटेल अशी माझी तयारी होती. वाटलं नाही गं. मोठी भिंत पुसताना मी पहिल्या ओळीपासून क्रमाने पुसली, आणि पुसता पुसता माझंच बोललेलं म्हणत होते.

मग नकलेच्या खिडकीवर जाऊन अर्ज केला. दहा तारखेच्या नोंदीची प्रमाणित नक्कल मिळावी. खिडकीतल्या माणसाने कारण विचारलं, मी ‘पाहण्यासाठी’ असं लिहिलं. चार पानं आली, प्रत्येक पानावर गोल शिक्का. ती चार पानं मी मोठ्या भिंतीवर मधोमध लावलीत, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. व्हरांड्यात आता एवढंच आहे. प्रबंधक बाई आल्या, चष्मा लावून चारही पानं वाचली. मी विचारलं, अट मोडते का? त्या म्हणाल्या, कोर्टाच्या नोंदीची नक्कल आहे, कुणीही मागावी आणि कुणीही वाचावी. आणि मुदत आणखी सहा महिने वाढवून दिली. माणसं येतात, सगळ्या रिकाम्या व्हरांड्यातून चालत टोकापर्यंत जातात आणि उभं राहून वाचतात. काल एक बाई दोनदा वाचून गेली.

भाचीने सांगितलं की तुला लेखी खुलासा मागवणारं पत्र आलंय आणि पेन्शन तूर्त थांबवलीय. तू म्हणे ते पत्र वाचून शिवण पुढे चालू ठेवलंस. तुला जमतं, मला जमत नाही. चौकशीत साक्षीदार लागतील. पहिलं नाव माझं घाल. मला बोलायला येतं हे आता सरकारी कागदावर आहे. दुसरं नाव काकांचं, ते तर छत्री उपसून तयारच आहेत. तुझ्यासारखं मोजून बोलणार नाही आम्ही, आधीच सांगते.

आणि काल तुझं कार्ड आलं.

मी आधी उलटं धरलं होतं. मायना नाही, सही नाही, पांढऱ्या कार्डावर शॉर्टहँडची एक ओळ. उलट्या बाजूला कललेली. मी एकसष्ट वह्या उलगडल्यात, बारा भिंतींवर तुझं अक्षर काढलंय, पण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, हे तुला पक्कं ठाऊक आहे. काकांनी पाहिलं आणि हात पुढे केला. दोन मिनिटांचं काम म्हणाले. मी कार्ड पदराखाली घेतलं. काका रुसलेत.

शनिवारी दुपारी येतेय. दार उघड, मला बस म्हणू नकोस, पाणी विचारू नकोस. कार्ड तुझ्या हातात देईन. समोर उभी राहून वाचून दाखव.

भिंगरी